मनातले आकडे कुठल्या बाजूला उभे असतात?

खडूफळा:

संगणकाच्या पडद्यावर एक आकडा येतो. तो सम आहे की विषम, एवढंच बटण दाबून सांगायचं. एका फेरीत समसाठी डावं बटण आणि विषमसाठी उजवं, दुसऱ्या फेरीत उलट. आकडा लहान की मोठा हे कुणी विचारलेलंच नसतं. तरी लहान आकड्यांना डाव्या हाताचं उत्तर लवकर येतं आणि मोठ्यांना उजव्या हाताचं. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो, पण तो पुन्हा पुन्हा दिसतो. स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून याला 'स्नार्क परिणाम' असं नाव पडलं.

यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. ० ते ५ एवढेच आकडे वापरले तर ४ आणि ५ उजव्या बाजूचे ठरतात. ४ ते ९ वापरले तर तेच ४ आणि ५ डावीकडचे होतात. पाचाला कायमची जागा नाहीच, शेजारी कोण उभं आहे त्यावर ती ठरते.

मी परळ भागातल्या एका शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तोंडी वजाबाकी घातली की मुलांकडे नीट बघावं. कुणाचं बोट बाकावर मागे मागे उड्या मारतं, कुणी मान हलवतं, कुणी डोळे एका बाजूला नेऊन तिथं काहीतरी शोधल्यासारखं करतं. आपण मोठी माणसं लगेच दटावतो, 'बोटं नाही वापरायची, मनात कर.' माझं म्हणणं असं की मनात करायचं म्हणजेही बऱ्याचदा हेच सरकणं असतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही. ते आधी बाहेर भरपूर झालं तर आत नीट होईल.

यावर चर्चा व्हावी म्हणून धागा काढलाय. आणि एक विनंती. १ ते १०० हे आकडे मनात आणा. ते कुठे दिसतात? रांगेत, उभे, गोल, की कुठेच नाहीत? जसं असेल तसं लिहा.

शून्यशेष:

वाचून अंगावर काटा आला. हे माझ्याकडे लहानपणापासून इतकं ठळक आहे, की सगळ्यांना असंच दिसत असणार असं मी धरून चाललो होतो.

१ ते १० डावीकडून उजवीकडे सरळ, साधारण छातीच्या उंचीवर. दहाला कोपरा. तिथून २० पर्यंत चढण, मग पुन्हा उजवीकडे. साठच्या पुढचे आकडे लांब आणि जरा अंधूक. कुणी '७३' म्हटलं की मी त्या जागेकडे बघतो, निदान बघितल्यासारखं वाटतं.

वर्षसुद्धा असंच आहे. लंबगोल. जून माझ्या अगदी पुढ्यात आणि डिसेंबर पलीकडच्या टोकाला. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची म्हणून असेल. ३१ डिसेंबरला माझ्या मनात काही बदलत नाही, मे संपताना मात्र वळण लागतं.

ठाणेकरीण:

शून्यशेष, मला यातलं काहीच दिसत नाही. आकडा म्हणजे मला आवाज. पाढे म्हणताना जी चाल लागते तीच. सात नव्वे विचारलं की त्रेसष्ट ऐकू येतं, दिसत काही नाही.

माझे आजोबा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घडाघडा म्हणायचे आणि भुसाराच्या दुकानात कागद न घेता हिशेब करायचे. त्यांच्या डोक्यात रेषा असेल असं मला वाटत नाही.

खडूफळा:

दोघांनी किती वेगळं लिहिलंय! शून्यशेष, तुम्ही एकटे नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये 'नेचर'मध्ये अशाच लोकांची वर्णनं आणि त्यांनी काढलेल्या आकृत्या छापल्या होत्या. कुणाचे आकडे वळणं घेत जाणारे, कुणाचे १ ते १२ घड्याळासारखे वाकलेले आणि तिथून पुढे सरळ. या आकृत्या लहानपणापासून असतात, मुद्दाम तयार केलेल्या नसतात आणि सहसा बदलत नाहीत, हेही त्यांनी नोंदवलं होतं. सगळ्यांना अशी ठळक आकृती दिसत नाही. स्नार्क परिणाम मात्र ज्यांना काहीच दिसत नाही अशा लोकांच्या हातांतही सापडतो.

ठाणेकरीण, तुमच्या आजोबांचं उदाहरण अगदी योग्य जागी आलं. दहेन आणि लोराँ कोएन यांची मांडणीच अशी आहे की गुणाकाराचे पाठ केलेले पाढे मेंदूत भाषेच्या वाटेने साठतात, तर वजाबाकी आणि 'कोणता आकडा मोठा' याला प्रमाणाची जाण लागते. मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांचे पाढे जातात पण वजाबाकी राहते, काहींचं नेमकं उलट होतं. तेव्हा पाढ्यांची चाल आणि मनातली रेषा दोन्ही खऱ्या. एकीने दुसरीची जागा घेऊ नये इतकंच.

दादर_पूर्व:

मला आकडे दिसत नाहीत पण फलाट दिसतात. :)

पूर्वी दादरला पश्चिम रेल्वेचे फलाट एकपासून आणि मध्य रेल्वेचे पुन्हा एकपासून. पुलावर कुणी 'तीन नंबर कुठेय' विचारलं की 'कुठला तीन, वेस्टर्नचा की सेंट्रलचा' हे ठरलेलं. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. आता पुलावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललं की आकडा चढत जातो. पायाला कळतं की आपण पुढे चाललोय.

विरार-कल्याणच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं तर लहान आकडे डाव्या हाताला, मोठे उजव्या. चर्चगेटकडे तोंड केलं की सगळं उलट. पण माझ्या मनातलं दादर कधीच उलटत नाही, ते कायम उत्तरेला तोंड करून उभं असतं. सीएसएमटीला गाड्यांकडे तोंड करून उभं राहा, तिथंही १ डावीकडे आणि १८ उजवीकडे.

चालणं, वळणं याचा आणि आकड्यांचा संबंध कुणी तपासलाय का?

अभ्यासू_१:

तपासलाय, आणि चांगला तपासलाय. झ्युरिकमध्ये टोबियास लोचर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना मान डावी-उजवीकडे वळवत मनाला येतील ते आकडे बोलायला लावले. मान डावीकडे असताना लहान आकडे जास्त आले. पुढे २०१० मध्ये त्यांनी डोळ्यांची हालचाल मोजली. माणूस पुढचा आकडा बोलायच्या आधी त्याचे डोळे डावीकडे आणि खाली गेले की आकडा आधीच्यापेक्षा लहान येणार, उजवीकडे आणि वर गेले की मोठा येणार, हे बऱ्याच वेळा आधीच ओळखता येत होतं. खडूफळाताईंना वर्गात जे दिसतं ते याच्याशी जुळतं.

२०१२ मध्ये मॅथियास हार्टमन आणि सहकाऱ्यांनी तर आख्खा माणूसच हलवला. तो हलत्या आसनावर नुसता बसलेला, स्वतः काही हालचाल करत नाही. आसन डावीकडे किंवा खाली सरकलं की लहान आकडे जास्त, उजवीकडे किंवा वर सरकलं की मोठे जास्त. सामुएल शाकी आणि मार्टिन फिशर यांनी २०१४ मध्ये चालणाऱ्या माणसांवर असाच प्रयोग केला, आकडा बोलल्यावर माणूस कुठल्या बाजूला वळतो ते बघितलं. तिथंही लहान आकड्यांचा ओढा डावीकडे निघाला. दादर_पूर्व, तुमच्या पुलावरच्या चालण्याच्या हे बरंच जवळ आहे.

पण सगळ्याच प्रयोगांना सारखं वजन देऊ नये. २००३ मध्ये फिशर आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की पडद्याच्या मधोमध नुसता १ किंवा २ दाखवला तरी लक्ष डावीकडे सरकतं आणि ८-९ दाखवला तर उजवीकडे. हा निष्कर्ष खूप गाजला. २०२० मध्ये १७ प्रयोगशाळांनी मिळून, हजाराहून जास्त लोकांवर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. बटणांचा स्नार्क परिणाम मात्र अनेक ठिकाणी, अनेक वेळा आलेला आहे. आकडा नुसता डोळ्यांना दिसणं वेगळं आणि त्या आकड्याचं काहीतरी करणं वेगळं, असं मला यातून वाटतं.

दुसरं, ही रेषा डोक्यात कोरून ठेवलेली आहे असं समजू नका. १९९८ मध्ये पेटर ब्रुगर यांच्या गटाने लोकांना एकदा आकडे पट्टीवर आहेत अशी कल्पना करायला सांगितली आणि एकदा घड्याळावर. पट्टीवर लहान आकडे डावीकडे, पण घड्याळात १ ते ५ उजवीकडे येतात. त्याच माणसांच्या हातांची वेळ घड्याळाच्या कल्पनेत उलटली. एवढ्यानेच! बेल्जियममध्ये फान डाइक आणि फियास यांनी २०११ मध्ये आकड्यांची विस्कळीत यादी लोकांना आधी पाठ करायला लावली. मग ज्याचा क्रम यादीत आधी तो डावीकडचा झाला, मग तो आकडा लहान असो की मोठा. मन त्या त्या कामापुरती मांडणी करतं आणि काम झालं की मोडतं.

गिरगावकर:

उत्तम प्रतिसाद. मला पडलेला प्रश्न असा, की हे सगळं वाचनाच्या दिशेमुळे तर नाही ना? आपण देवनागरी डावीकडून उजवीकडे लिहितो. आपल्या शहरात उर्दू माध्यमाच्या महापालिका शाळा आहेत. तिथली मुलं मजकूर उजवीकडून वाचतात आणि संख्या मात्र डावीकडून लिहितात. त्यांच्या मनात काय होत असेल?

अभ्यासू_१:

नेमकं यावरच शाकी, फिशर आणि पेत्रुसिक यांचा २००९ चा अभ्यास आहे. कॅनडातले लोक शब्द आणि संख्या दोन्ही डावीकडून वाचतात, त्यांच्यात नेहमीचा परिणाम मिळाला. पॅलेस्टिनी लोक दोन्ही उजवीकडून वाचतात, त्यांच्यात उलटा मिळाला. इस्रायली लोक हिब्रू उजवीकडून आणि संख्या डावीकडून वाचतात. त्यांच्यात ठाम असा कुठलाच कल मिळाला नाही. तुमच्या उर्दू माध्यमातल्या मुलांची स्थिती या तिसऱ्या गटासारखी.

आणि ही सवय किती पटकन हलते बघा. फिशर, मिल्स आणि शाकी यांनी २०१० मध्ये लोकांना पाककृती वाचायला दिल्या. काहींमध्ये लहान आकडे ओळीच्या सुरुवातीला आणि मोठे शेवटी, काहींमध्ये उलट. उलट मांडणीच्या पाककृती वाचल्यावर आधीचा कल क्षीण झाला.

ठाणेकरीण:

मग वाचता न येणाऱ्यांचं काय? आणि प्राण्यांचं?

खडूफळा:

इटलीत रोझा रुगानी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तीन दिवसांच्या कोंबडीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग 'सायन्स'मध्ये आला होता. पिल्लांना आधी ५ ठिपक्यांच्या फळीमागे खाऊ शोधायला शिकवलं. मग दोन बाजूंना दोन सारख्याच फळ्या ठेवल्या. दोन्हींवर २ ठिपके असले की पिल्लं जास्त करून डावीकडे जायची, ८ असले की उजवीकडे. आधी २० ठिपके दाखवले असतील तर त्याच ८ ठिपक्यांना ती डावीकडे वळायची. पाचाला कायमची जागा नसते म्हटलं ना, ते इथंही दिसतं. या प्रयोगावर वादही आहेत, पण पिल्लांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं हे नक्की.

दुसऱ्या बाजूला बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांवरचा २०२१ चा अभ्यास आहे. ते आकडे रांगेत मांडतात पण कुठल्या टोकाकडून सुरुवात करायची याचा त्यांच्यात एक असा कल नाही. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. आकडे जागेत मांडायची ओढ फार जुनी असावी. कुठली बाजू लहान, हे बरंचसं आपण शिकवतो.

स्पर्शरेषा:

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत अनेक वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. इथं सगळ्यांनी 'दिसणं' धरून लिहिलंय म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या मुलांची गणिताची पाटी म्हणजे टेलर फ्रेम. धातूची किंवा प्लॅस्टिकची फळी, तिच्यात अष्टकोनी भोकांच्या ओळी. भोकात शिशाचा छोटा चौकोनी खिळा बसवायचा. खिळ्याच्या एका टोकाला एका कडेवर उंचवटा असतो, दुसऱ्या टोकाला दोन टोचरे ठिपके. आता आकडा कसा लिहायचा? खिळा ज्या दिशेला तोंड करून बसवाल तो आकडा. एकाची दिशा ठरलेली, तिथून घड्याळाच्या काट्यासारखा एक एक अष्टमांश फिरवत गेलं की दोन, तीन, चार करत आठ होतात. नऊ, शून्य आणि बेरीज-वजाबाकीच्या खुणांसाठी खिळा उलटा करायचा.

म्हणजे आमच्या मुलांचा आकडा हा एक कोन आहे, मनगटाने दिलेला एक पीळ आहे. एखादं मूल हिशेब करताना अडलं की रिकाम्या हवेत अंगठा आणि तर्जनी जुळवून खिळा फिरवताना मी पाहिलंय. फिरवलं की आकडा आठवायचा. हातचा घेताना त्याच दोन बोटांनी डावीकडच्या वरच्या भोकात खिळा ठेवल्याची खूण करायची. मी कधी थांबवलं नाही. तीच त्यांची मनातली पाटी.

अभ्यासू, दृष्टिहीनांमध्ये हा डावा-उजवा परिणाम असतो का?

अभ्यासू_१:

बाई, हा प्रतिसाद वाचून फार शिकायला मिळालं. हो, असतो. २००७ मध्ये कास्त्रोनोव्हो आणि सेरोन यांनी दृष्टिहीनांमध्ये तो दाखवला आहे. ब्रेलही डावीकडून उजवीकडेच वाचतात. पण २०१३ मध्ये व्हिर्जिनी क्रोलेन आणि सहकाऱ्यांनी एक वेगळं काम केलं. सगळ्यांना हात एकमेकांवरून फुली करून बटणं दाबायला सांगितली. डोळस माणसांत आणि मोठेपणी दृष्टी गेलेल्यांत लहान आकडे डाव्या जागेलाच चिकटून राहिले, तिथं आता उजवा हात असला तरी. ज्यांना लहानपणापासून दिसत नाही त्यांच्यात परिणाम उलटला, म्हणजे लहान आकडे डाव्या हाताबरोबर पलीकडे गेले. डोळस माणूस आकडे समोरच्या जागेत मांडतो, त्यांनी ते स्वतःच्या हातावर मांडले होते.

तुमच्या मुलांच्या बोटांतला खिळा याला फार जुळतो.

काठावरची:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका आला की काही रुग्णांचं डाव्या बाजूचं भान जातं. डोळे चांगले असतात, पण डावी बाजू त्यांच्या हिशेबातच येत नाही. आपल्याकडे हे ताटावर लगेच कळतं. भाजी-आमटी उजवीकडे, ती संपते. चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे, त्याला हातही लागत नाही. घरचे म्हणतात चव गेली असेल, जेवण कमी झालंय. ताट अर्धवट फिरवलं की तीच कोशिंबीर आवडीने खातात.

अशा रुग्णांना कागदावरच्या रेषेचा मध्य दाखवायला सांगितला की ते खूप उजवीकडे खूण करतात. २००२ मध्ये मार्को झोर्झी, प्रिफ्टिस आणि उमिल्ता यांनी त्यांना कागद दिलाच नाही. तोंडी विचारलं, २ आणि ६ यांच्या मधोमध कोण? उत्तर यायचं, ५. यांना बेरीज-वजाबाकी नीट येत होती. आकडे कळत होते, फक्त मनातल्या रेषेचं डावं टोक निसटलं होतं.

हे वाचल्यापासून मी नवीन रुग्णाला हा प्रश्न विचारते. निदानासाठी नाही, त्यासाठी रीतसर चाचण्या आहेत. घरच्यांना समजावायला उपयोग होतो. वडील मुद्दाम करत नाहीयेत, हट्टी झालेले नाहीत, हे त्यांना त्या एका उत्तरातून चटकन पटतं.

बोटांबद्दलही सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागाला इजा झाली की कधी कधी चार गोष्टी एकत्र बिघडतात. स्वतःची बोटं ओळखता येत नाहीत, डावं-उजवं चुकतं, हिशेब जमत नाही, लिहिता येत नाही. व्हिएन्नाच्या योसेफ गेर्स्टमन यांनी १९२४ मध्ये यातलं बोटांचं लक्षण वर्णन केलं आणि हा लक्षणसमूह त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बोटं, बाजू आणि बेरीज मेंदूत शेजारी राहतात म्हणा. तेव्हा खडूफळाताई, मुलांना बोटं वापरू द्या यावर माझं अनुमोदन.

निवांत:

वाचतेय. ताटाचं वाचून सुन्न झाले. माझ्या सासऱ्यांचं असंच होतं.

गिरगावकर:

बोटांचा विषय निघाला म्हणून. आपल्याकडे बोटं उघडून मोजण्यापेक्षा पेरांवर मोजायची पद्धत जास्त. आईला जप करताना बघितलंय. करमाळेत अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, मग तिचंच खालचं पेर, तिथून करंगळी खालून वर, मग अनामिका, मधलं बोट, तर्जनी यांची वरची पेरं, आणि तर्जनीवरून खाली येत दहा. मधल्या बोटाची खालची दोन पेरं मेरू, ती ओलांडायची नाहीत. ही रेषा नाहीच, प्रदक्षिणा आहे. दहा झाले हे आईला मोजावं लागत नसे, अंगठा तर्जनीच्या मुळाशी पोचला की झालं.

वाशीच्या आंबा बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची हत्ता पद्धतही त्यातलीच. आकडा बोलायचा नाही, दाखवायचा नाही, नुसता हाताला द्यायचा.

दादर_पूर्व:

माझी पुतणी अबॅकसच्या क्लासला जाते. समोर काही नसताना हवेत बोटं चालवते आणि मोठमोठ्या बेरजा करते. हा नुसता देखावा असतो की खरंच उपयोग होतो?

अभ्यासू_१:

देखावा नाही. मायकल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी गुजरातमधल्या अशाच मुलांवर काम केलंय, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही मुलं मनात मण्यांच्या उभ्या रांगांचं चित्र धरतात, त्यात शब्दांचा वाटा कमी. नंतरच्या, २०१८ मधल्या अभ्यासात बोटांवर लक्ष दिलं होतं. स्वतःची बोटं दिसली नाहीत तरी मुलांचं फारसं बिघडत नाही, पण हातांना दुसरंच काही करायला लावलं की हिशेब घसरतो. बोटांची हालचाल हिशेबाचाच भाग आहे. मात्र अबॅकस आला म्हणजे बाकी सगळं गणित आपोआप सुधारतं असं मी म्हणणार नाही.

ठाणेकरीण:

खडूफळाताई, आता वर्गातलं सांगा. तुम्ही नेमकं काय करता?

खडूफळा:

सांगते. मी फरशीवर खडूने संख्यारेषा आखते आणि मुलांना तिच्यावर चालवते. यात नवीन काही नाही, पण मराठी शाळेत तिचा एक खास उपयोग आहे.

आपल्याकडे त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना सहा. कान एका बाजूने जातो आणि हात दुसऱ्या. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा २००९ चा एक अभ्यास आहे, ऐकून संख्या लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी जवळपास निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित निघाल्या. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्षा होत्या आणि मुलांचा गोंधळ कमी व्हावा हीच त्यांची तळमळ होती. माझं मत, दोन्ही शिकवावं. साठ तीन म्हणत जागेवर पोचायचं आणि मग तिथं उभं राहून त्रेसष्ट म्हणायचं.

सगळ्यात जास्त गंमत एकोणसाठला येते. नुसतं लिहायला सांगितलं की निम्मा वर्ग ६९ लिहितो, कारण 'साठ' कानावर पडलेलं असतं. फरशीवर मी सांगते, साठवर उभं राहा, आता एक पाऊल मागे. कुठे आलात? मुलं खाली बघून ५९ वाचतात आणि मोठ्याने एकोणसाठ म्हणतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, प्रत्येकाला तेच मागचं पाऊल. हे शब्द मुळात एक पाऊल मागे घेतल्यासारखेच आहेत. पायाने एकदा कळलं की वहीत चुकायचं प्रमाण उतरतं हे मी दर वर्षी बघते.

दुसरं, सापशिडी. ती नुसता वेळ घालवायचा खेळ आहे असं समजू नका. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना १ ते १० चा सरळ रांगेतला पट खेळायला दिला. थोड्याच वेळच्या खेळाने त्यांची आकड्यांची समज वाढली. तोच खेळ रंगांच्या पटावर खेळणाऱ्यांची वाढली नाही. पुढच्या अभ्यासात आकड्यांचा गोल पटही सरळ पटाइतका उपयोगी ठरला नाही. आणि २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी १ ते १०० च्या पटावर एक गोष्ट दाखवली, जी प्रत्येक घराला सांगावीशी वाटते. सोंगटी १५ वर आहे आणि दान ३ पडलं. मूल 'एक, दोन, तीन' असं मोजत गेलं तर फायदा फारसा नाही. 'सोळा, सतरा, अठरा' असं घरावरचे आकडे बोलत गेलं तर शिकणं होतं. नियम एवढाच बदलायचा. घरी आजी-आजोबा खेळत असतील तर त्यांनाही सांगा.

आपल्या सापशिडीत एक अडचण आहे. खालची ओळ डावीकडून उजवीकडे, वरची उजवीकडून डावीकडे. दुसरीतल्या मुलांना चालतं, पण अगदी लहानांसाठी मी जुना पट ओळी-ओळींनी कापून सगळ्या ओळी डावीकडून सुरू होतील अशा चिकटवते. साप-शिड्या मग नव्याने काढाव्या लागतात. ते काम मुलंच करतात, साप जरा जास्तच येतात.

शून्यशेष:

ताई, आमच्या चाळीचा जिना आहे, फरशीवर जागा नाही. पायऱ्यांवर आकडे लिहिले तर चालेल का? आडव्याच्या ऐवजी उभे?

खडूफळा:

चालेल, उत्तम. वर म्हणजे जास्त हे मुलांना लगेच पटतं. खालच्या जमिनीला शून्य द्या, पहिली पायरी एक. एकापासून सुरू केलंत तर 'चार पायऱ्या चढून पाचावर कसा आलो' हा गुंता होतो. आकडा पायरीच्या उभ्या भागावर लिहा, वर लिहिलात तर पायाखाली झाकला जातो आणि पुसलाही जातो. चढताना मोठ्याने म्हणायचं, उतरतानाही. उतरताना जास्त, कारण उलटे आकडे म्हणायला मुलांना सहसा कुणी सांगतच नाही.

मोठ्या मुलांना पार्किंगचं तळघर असलेल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये न्या. शून्याच्या खाली दोन मजले आहेत, तिसऱ्या मजल्यावरून पाच मजले उतरलो तर कुठे, असं विचारा. सहावीच्या ऋण संख्यांना तिथं जीव येतो.

दादर_पूर्व:

पुतणीला हाच प्रश्न विचारला. हवेत बोटं न चालवता हात वरून खाली नेत उत्तर दिलं, 'उणे दोन.' सापशिडीचा नियम आज रात्रीपासून लागू केलाय.

स्पर्शरेषा:

शून्यशेष, चाळीत कुणी दृष्टिहीन मूल असेल तर कठड्यावरही आकडे करा, जाड दोरा डिंकाने चिकटवून. दर पाचव्या पायरीला एक गाठ द्या. डोळस मुलंही अंधारात तीच चाचपत चढतील.